मला पण एक चहा

दिग्याच्या मनगटावरचा पट्टा थरथरला, तेव्हा तो फक्त "मला पण एक चहा" एवढंच म्हणाला होता.

गाड्यावर आम्ही दोघंच होतो. वाद नाही, चर्चा नाही, कुणाचं मन मोडायचा प्रश्नच नव्हता. चहावाल्याने मला ग्लास दिला, दिग्या म्हणाला मला पण, आणि पट्ट्यावरचा हिरवा ठिपका पिवळा झाला. दिग्याने तो बाहीखाली सारला. त्याला सवय झाली होती. मला मात्र काहीतरी खटकलं.

"दिग्या, परत म्हण."

"काय?"

"मला पण एक चहा."

"तुला आत्ताच दिला की त्यानं."

असा हा माणूस. दिगंबर इंगवले. इंजिनिअरिंगला माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हापासून माझ्याशी भांडतोय. पुढे दोघं एकाच कंपनीत आलो, एकाच टीममध्ये. मी टीम लीड, तो टेस्टर. म्हणजे आम्ही जे बनवतो त्यात खोट काढणं हेच त्याचं काम. आणि त्याला त्या कामावर ठेवायचं की घरी पाठवायचं, हे आता ठरणार होतं. ठरवणार होता तो मनगटावरचा पट्टा.

मी पद्मजा मगदूम. कोल्हापूरची. बोलताना "मी आलो, मी गेलो" असंच म्हणते, आमच्याकडे बायका तसंच बोलतात. लिहिताना तेवढं सांभाळते. पट्टा पहिल्यांदा घातला तेव्हा त्याने मला पुरुष ठरवलं होतं. या यंत्राचा आणि आमच्या गावाचा काही मेळ बसायचा नाही, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. त्यात यंत्राचं नावच होतं 'मेळ'.

यामागचं शास्त्र खोटं नाही, हे आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई नव्याच्या नावाने बोटं मोडतेय. चार माणसं एकत्र गायला लागली की त्यांचा श्वास एका लयीत येतो, आणि श्वासामागोमाग हृदयाचे ठोके पण एकमेकांबरोबर वर-खाली व्हायला लागतात. आई आणि तान्ह्या बाळाचं हेच होतं. एकत्र कामाला जुंपलेल्या माणसांचं पण होतं. पट्टा नाडी मोजतो, कातडीवरचा घाम मोजतो, आवाज चढला की उतरला ते ऐकतो. टीममधल्या सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक मांडल्या की कोण कुणाशी किती जुळतंय ते पडद्यावर दिसतं. ज्यांचं जास्त जुळतं त्यांचं काम लवकर उरकतं, असं यंत्र विकणाऱ्यांनी दाखवून दिलं होतं.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पुढे त्यांनी यंत्राला आणखी एक गोष्ट शिकवली. जुळणी जिथे तुटते, त्याच्या लगेच आधी कुठला शब्द पडला ते लक्षात ठेव. लोकांचं बोलणं साठवायला कायद्याने बंदी, म्हणून पट्टा वाक्य ऐकतच नाही. निवडक शब्द तेवढे ओळखतो, त्यांची आणि त्यांच्या लगेच आधीच्या शब्दाची नोंद घेतो आणि बाकी सोडून देतो. हजारो बैठका अशा ऐकून यंत्राने आपलं आपणच शोधून काढलं की मराठी माणसांची जुळणी सगळ्यात जास्त मोडणारा शब्द आहे 'पण'. तेव्हापासून कुणी 'पण' म्हटलं की त्याचे गुण कापले जायला लागले.

आता आमची कंपनी. आम्ही नवजात बाळांसाठी वॉर्मर बनवतो. छोटी गादी, वर हीटर, आणि बाळाच्या पोटावर चिकटवायचा एक तारेचा सेन्सर. बाळ गार पडलं की हीटर वाढतो, गरम झालं की कमी होतो. कमी-जास्त कधी व्हायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमच्या टीमचं. कंपनीचा मालक निषाद कर्णिक, वयाने आमच्याहून बराच लहान, मला ताई म्हणतो. त्याची मुलगी दिवस भरायच्या आत जन्मली होती आणि अशाच एका वॉर्मरखाली वाचली, म्हणून त्याने हा धंदा काढला. माणूस वाईट नाही. त्याला सगळ्यांनी एकमेकांशी नीट वागावं असं मनापासून वाटतं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

आमच्या धंद्यात रोज सकाळी अख्खी टीम उभ्याने बोलते. बसलं की माणूस लांबण लावतो, म्हणून उभ्याने. याला स्टँडअप म्हणतात. आम्ही त्याला उभा चहा म्हणायचो, कारण तो गेटबाहेर या गाड्यावरच व्हायचा. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, आणि घोडं कुठं अडलंय. या तिसऱ्या प्रश्नाला दिग्याने नाव पाडलं होतं 'पण'. काल हे झालं, आज ते करतो, पण… आणि त्या 'पण'च्या पुढे जे यायचं त्यावरून आमची जुंपायची. एकदा चहावाल्याने मध्ये पडून आम्हाला गाड्याच्या दोन टोकांना उभं केलं होतं. वॉर्मरमध्ये आज जे काही धड आहे, ते त्या भांडणांतून निघालेलं आहे.

मेळ आला आणि उभा चहा आत गेला, मोठ्या पडद्यासमोर. तिसरा प्रश्न कुणी बंद केला नाही, तसं फर्मान पण निघालं नाही. लोकच "आज हे करणार" म्हणून थांबायला लागले. पडदा हिरवा, निषाद खूश, चहा संपायच्या आत बैठक संपलेली.

मग माणसं घेताना पण तोच पट्टा आला. उमेदवाराला काय येतं ते नंतर बघायचं, आधी टीमबरोबर उभं करायचं आणि आकडा काढायचा. मग जुन्या लोकांची फेरनिवड आली. प्रत्येकाला मेळपत्र मिळालं, आणि एमआयडीसीतल्या सगळ्या कंपन्या ते मागायला लागल्या. लग्नाच्या जाहिरातीत पण झळकायला लागलं: मुलगी सुस्वरूप, मेळ उत्तम.

दिग्या यात बसणारा नव्हताच. वॉर्मरच्या शेवटच्या आढाव्यात तो म्हणाला होता, "सगळं बरोबर आहे, पण लाइट गेली तर?" पडद्यावर सगळ्यांच्या रेघा विस्कटल्या. निषाद नरमाईने म्हणाला, "दिगंबरदादा, ते पुढच्या टप्प्यात बघू." पुढच्या बैठकीत दिग्याने परत विचारलं. त्याच्या पुढच्या बैठकीत परत. त्याचा आकडा घसरत घसरत पास-नापासाच्या रेषेखाली गेला आणि मेळपत्र लाल झालं.

नंतर तो गप्प झाला. गाड्यावर माझ्यापासून लांब उभा राहायला लागला. का म्हणून विचारलं तर म्हणतो, "माझ्या बोलण्यानं तुझी नाडी उडते. उगाच तुझा ठिपका कशाला घालवू." मला एकदा चक्क "मॅडम" म्हणाला. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. आयुष्यभर ज्याच्याशी भांडत आले तो माणूस माझ्याशी पाहुण्यासारखं बोलत होता.

म्हणून त्या सकाळी मी त्याला बळंच चहाला ओढून आणलं होतं. आणि तिथं त्याने चहा मागितला आणि पट्टा थरथरला.

"दिग्या," मी म्हटलं, "आपण 'सुद्धा' म्हणतो का कधी? 'देखील' म्हणतो?"

"देखील कोण म्हणतंय. बातम्या द्यायच्यात होय?"

"मग काय म्हणतो?"

तो घोट घेणार होता. ग्लास हातात तसाच. "पण," तो म्हणाला, आणि पट्टा परत थरथरला.

मी तिथून निघाले ती थेट शिरीनकडे गेले. शिरीन बागवान, आमच्या टीममधली सगळ्यात गोड बोलणारी मुलगी. तिला विचारलं, सकाळचं खाणं झालं का. म्हणाली, "हो, तुमचं पण झालं का?" ठिपका पिवळा. रविवारी कुठं गेली होतीस? "घरीच. आई पण घरीच होती." पिवळा. शिरीनचं तोंड उतरलं. "मॅडम, म्हणून माझे गुण कापतात होय? मला वाटायचं मीच मनातून वाईट आहे." ते ऐकून माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

तशीच निषादच्या खोलीत गेले.

"निषाद, तुझं यंत्र बहिरं आहे. 'मी पण येतो' म्हणजे मी सोबत येतोय. ते त्याला भांडण वाटतंय. जो माणूस जास्त जुळवून घेतोय त्याचेच गुण तू कापतोयस."

त्याने पुरावा मागितला, मी शिरीनला उभी केली. तो हसायलाच लागला. मग गंभीर झाला. "ताई, हे फार मोठं काम केलंत तुम्ही." यंत्रवाल्यांना फोन लावला. त्यांनी पण माफी मागितली, आणि दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्यांत दुरुस्ती झाली. मी, तू, आई अशा कुणाच्या किंवा कशाच्या लगेच मागे चिकटून येणारा 'पण' सोडून द्यायचा, वाक्य जोडणारा तेवढा मोजायचा. जुनी नोंद पण नव्याने मोजली. दिग्याचा आकडा भराभर वर चढला आणि रेषेला टेकला. टेकला, ओलांडला नाही.

"बाकीचे 'पण' खरे आहेत," निषाद म्हणाला. "पण हरकत नाही. उद्याच्या स्टँडअपला वॉर्मर पाठवायला सगळ्यांची संमती घ्यायची आहे. तेवढी एक बैठक दादांनी सांभाळून घेतली की ते पक्के. मी शब्द देतो."

त्याचा स्वतःचा पट्टा थरथरला. त्याच्या लक्षात आलं नाही.

मी नाचतच गाड्यावर गेले. दिग्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो म्हणेल, उद्या बघ कसा बोलतो. तो म्हणाला, "बरं. उद्या गप्प बसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काल काय केलं, आज काय करणार. संपलं."

"आणि लाइट?"

"पुढच्या टप्प्यात." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पद्मे, पन्नाशीला टेकलो मी. लाल मेळपत्राचा टेस्टर या गावात कोण ठेवणार? माझ्या हातात हेच एक काम आहे, दुसरं येत नाही. तू धडपड करून मला रेषेवर आणलंस. आता मीच तिच्याखाली उडी मारू?"

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. यंत्र आंधळेपणाने सगळ्यांनाच मारत होतं तोवर निदान त्याची चूक दाखवता येत होती. आता ते बरोबर ओळखत होतं. कोण सोबत येतोय आणि कोण आडवा येतोय, हे आता ते नेमकं सांगणार होतं, आणि आडवा येणाराच घरी जाणार होता. त्याचे कान मीच साफ करून दिले होते.

सकाळी पडद्यासमोर आम्ही गोलात उभे राहिलो. निषाद, मी, दिग्या, शिरीन आणि आदिनाथ चौगुले, तो हीटरचा भाग बघतो. कोपऱ्यात नमुन्याचा वॉर्मर चालू होता, गादीवर रबरी बाळ, त्याच्या पोटाला सेन्सर. बाहेर ट्रक भरायला तयार.

आदिनाथने सांगितलं काल काय, आज काय. हिरवा. शिरीनने सांगितलं. हिरवा. दिग्या म्हणाला, "काल सगळ्या चाचण्या झाल्या. आज पाठवणीची तयारी." आणि थांबला. पडद्यावरचा त्याचा ठिपका रेषेवर आला, क्षणभर तिथंच राहिला, मग रेषेच्या वर गेला. निषादने हसून मान डोलावली. दिग्या खाली बघत राहिला. त्याच्या मानेवर घाम आलेला मला शेजारून दिसत होता.

माझी पाळी आली. माझं मेळपत्र टीममध्ये सगळ्यात चांगलं, हे सांगायचं राहिलं. मी आवाज चढवते, पण दिग्या भांडायचा थांबल्यापासून माझी नाडी शांत असते, यंत्राला तेवढं पुरतं.

"काल मी दिगंबरची बाजू मांडली," मी म्हटलं. "आज वॉर्मर पाठवायचेत. पण."

पट्टा असा थरथरला की कोपरापर्यंत जाणवलं.

"ताई," निषाद म्हणाला.

"तिसरा प्रश्न आहे, निषाद. नियमात आहे, बंद केलेला नाहीस तू. मी विचारतो. तालुक्याच्या दवाखान्यात लाइट जाते. वॉर्मर बंद पडतो. नर्स बाळाला उचलून आईच्या छातीशी देते, सेन्सर काढून बाजूला ठेवते. मग लाइट येते—"

"बाजूला ठेवत नाही," दिग्या म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो माझ्याकडे बघत होता. चिडून.

"बाजूला कुठं ठेवते ती, पद्मे? तिचे दोन्ही हात बाळात असतात. लोंबकळत सोडते."

"तेच ते."

"तेच ते कसं? बाजूला गादीवर ठेवला तर त्याला गादीची ऊब लागते, हीटर बेताने चालतो. लोंबकळला तर त्याला गार हवा लागते. मशीनला वाटतं बाळ थंड पडलं, आणि हीटर फुल्ल. त्याच तापलेल्या गादीवर ती बाळ परत ठेवते. एवढा साधा फरक कळत नाही तुला, आणि लीड म्हणून मिरवतेस."

"मग अलार्म वाजेल की."

"चालू झाल्यावर अलार्म थोडा वेळ मुका असतो. कुणी ठेवला मुका? तूच. उगाच बोंबलतो म्हणून. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस की जास्त वेळ ठेवू नका. मुका करू नका असं म्हटलं नव्हतंस."

"म्हटलं होतं."

"नव्हतं."

पडद्याकडे आमच्यापैकी कुणाचं लक्ष नव्हतं. दिग्या तरातरा कोपऱ्यात गेला. सेन्सर ओढून काढला, तसाच लोंबकळत सोडला, रबरी बाळ उचलून शिरीनच्या हातात दिलं, प्लग काढला. आम्ही भांडत राहिलो. आदिनाथ पण मध्ये पडला, म्हणाला दोघं चुकताय, हीटर किती चढतो ते मला विचारा. मग दिग्याने प्लग परत लावला. वॉर्मर सुरू झाला, एकदम शांतपणे, आणि वरची नळी लाल व्हायला लागली. तिकडे आमची भांडणं चालूच होती. मध्येच दिग्या म्हणाला, "निषाद, हात ठेव."

निषादने गादीवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

 शिरीन रबरी बाळ छातीशी धरून उभी होती. अलार्म अजून मुकाच होता. निषाद आपला तळहात बघत होता, आणि तो कुणाचा विचार करतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ट्रक थांबवा," तो म्हणाला.

मग त्याने पडद्याकडे बघितलं. शब्दांच्या गुणांची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल झाली होती. एकजण पण रेषेवर नव्हता. तिच्या खाली नाडीच्या रेघा होत्या. त्या पाचही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या, एकाच वेळी चढत होत्या, एकाच वेळी उतरत होत्या, वेगवेगळ्या मोजता येईनात इतक्या. त्यात निषादची पण होती. यंत्राला काय दाखवावं कळेना, आकड्याच्या जागी नुसतं वर्तुळ फिरत राहिलं.

निषाद पडद्याजवळ गेला. "ताई, अख्खी टीम रेषेखाली गेली. पैसे लावणाऱ्यांच्या नियमाप्रमाणे मला ती मोडावी लागते."

"मोड की. कुठली टीम मोडतोस ते आधी त्या रेघांकडे बघून ठरव. आणि ठरवेपर्यंत हे घे." मी पट्टा काढून त्याच्या हातात दिला. "मी उद्यापासून हा घालत नाही. माझं मेळपत्र लाल झालं असेल तर मुख्य दारावर चिकटव."

"मी पण," शिरीन म्हणाली. तिचा पट्टा थरथरला नाही, त्याला आता तेवढं कळत होतं. तिने तरी काढून दिला. आदिनाथने काढला. दिग्याने शेवटी काढला, मनगटावरचा पांढरा वळ चोळत.

"ज्यांचे पैसे लागलेत त्यांना मी काय सांगू?" निषाद म्हणाला.

"काल काय केलं ते सांग, आज काय करणार ते सांग," दिग्या म्हणाला, "आणि तिसरं पण सांग."

त्या दिवशी निषादने ना हो म्हटलं, ना नाही. दिग्याचं मेळपत्र आजही लाल आहे. माझं पण लाल आहे, शिरीनचं पण, आदिनाथचं पण. अलार्म आता मुका राहत नाही. लाइट परत आली की वॉर्मर आधी सेन्सर अंगाला आहे का ते तपासतो, मगच तापतो. ते कसं करायचं यावर आमचं आठवडाभर वाजलं.

निषादने पट्टे परत पाठवले, कपाटात ठेवायला सांगून. आम्ही ते गाड्यावर नेले. बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवले आणि उभा चहा सुरू केला. निषाद पण आला, पट्टा घालूनच आला, आणि दिग्याशेजारी उभा राहिला.

दिग्याने घोट घेतला. "चहा फक्कड झालाय," तो म्हणाला, "पण साखर कमी आहे."

बरणीशेजारचा एक पट्टा गाड्याच्या पत्र्यावर तडतडायला लागला. त्याचाच.

"साखर बरोबर आहे," मी म्हटलं, आणि आम्ही परत सुरू झालो.